लहान मुलांसह युरोपात गाडीने फिरायचंय? आधी लायसन, मग सीट, मग गाडी, आणि नकाशा सगळ्यात शेवटी

मार्च लागला की आमच्या घोडबंदर रोडच्या सोसायटीत कुणी ना कुणी जिन्यात गाठतंच. "मुलगा म्युनिकला आहे. नातवंडं चार आणि दीड वर्षांची. मे महिन्यात आम्ही दोघं जातोय, तिथून सगळे मिळून गाडीने इटलीला जाणार. हॉटेलं बुक झाली!" मी पहिला प्रश्न विचारते, "गाडी कोण चालवणार, काकू?" "मुलगाच की." "त्याला तिकडे जाऊन किती महिने झाले? लायसन कुठलं आहे?" आणि बोलणं इथेच अडतं.

म्युनिकमध्ये आम्ही पाच वर्षं काढली, दोन मुलांना घेऊन बरंच फिरलो. पहिल्या प्रवासात धाकटा सहा महिन्यांचा होता. ठाण्यात परतल्यापासून दरवर्षी तीन-चार कुटुंबांच्या तयारीत मी हात घालते, आणि चूक जवळपास एकच दिसते: क्रम उलटा. आधी हॉटेल, मग मार्ग, मग गाडी, आणि शेवटच्या आठवड्यात लायसन व मुलांच्या सीटची आठवण. तिथे दुरुस्ती महाग पडते, कधी होतही नाही. म्हणून खालचा क्रम मोडू नका.

## १. गाडी कोण चालवणार, हे कागदावर ठरवा (किमान सहा महिने आधी)

जर्मनीत राहायला आल्यापासून भारतीय लायसनवर फक्त सहा महिने गाडी चालवता येते. सहा महिने उलटले की ते लायसन तिथे चालत नाही. ठाण्याहून नवं इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट काढून मागवलं तरी फरक पडत नाही, कारण मोजणी परमिटच्या तारखेपासून नसते, तुम्ही तिथे राहायला आल्यापासून असते. त्यानंतर गाडी चालवली तर जर्मनीत तो थेट गुन्हा आहे. अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते, आणि मागच्या सीटवर आपलीच मुलं असतात.

भारतीय लायसन जर्मनीत नुसतं बदलून मिळत नाही. लेखी आणि प्रत्यक्ष, दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. तारखा मिळण्यातच महिने जातात, म्हणून हा टप्पा पहिला. इतर देशांत मुदत वेगळी आहे: नेदरलँड्समध्ये १८५ दिवस, फ्रान्समध्ये एक वर्ष, ब्रिटनमध्ये १२ महिने. ज्या देशात राहता त्या देशाचा नियम वाचा, शेजाऱ्याचा नको.

ठाण्याहून पाहुणे म्हणून जाणाऱ्यांचं गणित मात्र वेगळं आहे. आजोबांकडे चालू भारतीय लायसन आणि इंटरनॅशनल परमिट असेल तर ते पर्यटक म्हणून कायदेशीरपणे गाडी चालवू शकतात, आणि तिथे आठ महिने राहिलेला मुलगा चालवू शकत नाही! हे ऐकून लोकांचा विश्वास बसत नाही, पण नियम असाच आहे. आजोबांनी चालवावी की नाही, हा निर्णय वेगळा. आयुष्यभर डाव्या बाजूने गाडी चालवलेल्या माणसाने पहिल्याच दिवशी नातवंडांना घेऊन ऑटोबानवर, म्हणजे जर्मन महामार्गावर, जाऊ नये, असं माझं ठाम मत आहे. आधी रविवारी सकाळी मोकळ्या रस्त्यावर दोन-तीन तास सराव करा, तोही मुलांना घरी ठेवून.

परमिटसाठी सारथी पोर्टलवर अर्ज करायचा, फी १००० रुपये, मुदत एक वर्ष. ठाणेकरांचं काम एमएच ०४ च्या आरटीओत, नवी मुंबईकरांचं वाशीला, एमएच ४३ मध्ये. पासपोर्ट आणि व्हिसाच्या प्रती लागतात, म्हणून व्हिसा हातात पडला की दुसऱ्याच दिवशी अर्ज करा.

सावधान: परमिट एकटं निरुपयोगी आहे. सोबत मूळ लायसनचं कार्ड लागतं. डिजिलॉकरमधली प्रत तिथला पोलीस किंवा गाडी भाड्याने देणारा ग्राह्य धरत नाही.

## २. प्रत्येक माणसाचे कागद वेगळे तपासा

तान्ह्या बाळालाही स्वतःचा पासपोर्ट आणि स्वतःचं रहिवासी कार्ड लागतं. आईच्या कागदांवर बाळ चालत नाही. मुलांचा भारतीय पासपोर्ट पाच वर्षांचाच असतो, त्यामुळे मोठ्यांचे शाबूत आणि मुलाचा संपलेला, असं नेहमी घडतं. शेंगेन देशांच्या, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या, आपसातल्या सीमांवर रोज तपासणी नसली तरी कागद डिकीत नको, हाताशी हवेत. सप्टेंबर २०२४ मध्ये जर्मनीने तपासणी आपल्या सगळ्या जमिनी सीमांवर वाढवली, आणि ऑस्ट्रियाच्या सीमेवर तर ती २०१५ पासूनच आहे.

ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांनी विशेष लक्ष द्या. तिथला रहिवासी परवाना शेंगेनमध्ये चालत नाही. भारतीय पासपोर्ट असेल तर प्रत्येकाला, बाळालासुद्धा, शेंगेन व्हिसा हवा.

आजी-आजोबांचा व्हिसा किती प्रवेशांचा आहे तेही बघा. एकाच प्रवेशाचा असेल आणि वाटेत बॉस्निया किंवा सर्बियात डोकावलात, तर परत आत शिरता येणार नाही. क्रोएशिया २०२३ पासून शेंगेनमध्ये आहे, तिथे हा प्रश्न येत नाही.

तपासा: आई किंवा वडील एकटेच मुलांना नेत असतील तर दुसऱ्याचं सहीचं संमतिपत्र आणि जन्मदाखल्याची प्रत सोबत घ्या.

## ३. मुलांची सीट: इथे वेळ द्या

ठाण्यात आपली मुलं आजीच्या मांडीवर बसून तलावपाळीला जातात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर आपल्या मोटार वाहन कायद्यातही चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा सीट न लावल्यास १००० रुपये दंड आहे, पण ते पाळतं कोण? युरोपात मांडीवर मूल म्हणजे गाडी जागेवर थांबवली जाते. दंड तर होतोच, पण खरं कारण साधं आहे: ताशी ५० किमीच्या टकरीतही मांडीवरचं मूल कुणाच्याच हातात राहत नाही.

वयाची आणि उंचीची मर्यादा देशागणिक बदलते. जर्मनी आणि स्वित्झर्लंडमध्ये १२ वर्षं किंवा १५० सेंमी, यातलं जे आधी होईल ते. ऑस्ट्रियात १३५ सेंमीपर्यंत, इटलीत १५० सेंमीपर्यंत, फ्रान्समध्ये १० वर्षांपर्यंत. हे लक्षात ठेवत बसू नका. मूल १५० सेंमीचं होईपर्यंत सीट वापरा, म्हणजे कुठल्याही सीमेवर विचार करावा लागणार नाही.

सीटच्या मागे किंवा खाली नारिंगी रंगाचं लेबल शोधा. त्यावर वर्तुळात ई हे अक्षर, आणि आर ४४ किंवा आर १२९ हा सुरक्षा मानकाचा क्रमांक हवा. भारतात घेतलेल्या काही सीटवर हे लेबल असतं, काहींवर फक्त भारतीय मानकाचा शिक्का असतो. लेबल नसेल तर ती सीट नेऊ नका, तिकडे ती चालत नाही. आर १२९ प्रमाणे १५ महिन्यांपर्यंत मूल मागे तोंड करूनच बसवायचं. मी तर आणखी बराच काळ तसंच बसवायला सांगेन, लहान मुलांची मान अजून नाजूक असते.

गाडीबरोबर सीटही भाड्याने मिळते, आणि पुष्कळ जण तेच करतात. आम्हीही एकदा केलं. काउंटरवर धाकट्यासाठी जी सीट मिळाली ती चार वर्षांच्या मुलाच्या मापाची होती. दुसरी नव्हती, बाहेर पाऊस, मूल रडतंय. दोन तास आम्ही त्या पार्किंगमध्ये काढले आणि अखेर टॅक्सीने जाऊन नवी सीट विकत आणली. तिकडे राहणाऱ्यांनी स्वतःचीच सीट न्यावी.

तीन मुलं असतील तर गाडी ठरवण्याआधी मागच्या बाकाची रुंदी बघा. आयसोफिक्सचे हूक, म्हणजे मुलांची सीट थेट गाडीला अडकवायचे हूक, बहुतेक गाड्यांत मागच्या दोन कडेच्या जागांनाच असतात. मध्ये तिसरी सीट बसेलच असं नाही.

निघण्याआधी एक गोष्ट ठाण्यातच करता येते: मुलाला सीटची सवय. नातवंडं सुट्टीत इथे आली असतील तर नवी मुंबईच्या पाम बीच रोडवर अर्ध्या तासाची फेरी सीटमध्ये बसवून मारा. चार-पाच फेऱ्यांत रडं कमी होतं. ही सवय प्रवासाच्या पहिल्या दिवशी लावायला जाल तर तो अख्खा दिवस हातचा जाईल.

सावधान: जाड जाकीट घालून पट्टा लावू नका. पट्टा घट्ट वाटतो, पण टकरीत जाकीट दबतं आणि मूल सुटतं. पातळ कपड्यांवर पट्टा लावा, वरून पांघरूण घाला. मागे तोंड असलेली सीट पुढच्या जागेवर लावायची वेळ आली तर तिथली एअरबॅग बंद केल्याशिवाय लावू नका.

## ४. गाडी

मुख्य चालकाच्या नावाचं क्रेडिट कार्ड लागतं, बऱ्याच ठिकाणी डेबिट कार्ड चालत नाही. बापाचं बुकिंग आणि आईचं कार्ड, या एका कारणावरून गाडी नाकारलेली मी पाहिली आहे. अनामत रक्कम अडकून राहते, म्हणून कार्डाची मर्यादा आधी बघा. दुसरा चालक असेल तर त्याचं नाव करारात लिहून घ्या. कोणकोणत्या देशांत जाणार तेही लिहून घ्या. काही गाड्यांना काही देशांत न्यायची मनाई असते.

बुक करताना माणसं मोजता, तशी डिकीही मोजा. पाच जणांच्या गाडीत बाबागाडी ठेवली की बॅगांना जागा उरत नाही. दोन मुलं आणि आजी-आजोबा असतील तर सात आसनी गाडी हवी, आणि सातही आसनं भरली की डिकी जवळपास शून्य होते, हे ध्यानात ठेवा.

तपासा: किल्ली घेतल्यावर निघण्याआधी चारी बाजूंचा व्हिडिओ काढा. चालकाच्या हाताशी चमकणारं जाकीट, डिकीत त्रिकोण आणि प्रथमोपचार पेटी आहे का बघा. हिवाळा असेल तर टायरवर डोंगर आणि हिमकणाचं चिन्ह शोधा.

## ५. मार्ग मुलांच्या झोपेवरून आखा

आता नकाशा उघडा.

म्युनिक ते गार्डा तलाव साधारण ४०० किमी. आपल्याकडचा माणूस म्हणतो, ठाणे-पुणे दीडशे, म्हणजे जाऊन-येऊन आणखी थोडं, एका दिवसात सहज! मोठे एकटे असतील तर सहज. चार आणि दीड वर्षांच्या मुलांना घेऊन नाही.

माझा हिशेब असा: नकाशा दाखवेल त्या वेळेची दीडपट धरा. नकाशावर तीन तासांपेक्षा जास्त दिसत असेल तर मध्ये मुक्काम करा. दर दीड-दोन तासांनी थांबा, तान्हं बाळ सलग दोन तासांहून जास्त सीटमध्ये ठेवू नका. प्रत्येक मुक्कामी किमान दोन रात्री काढा, म्हणजे एक दिवस गाडीला हात लावायचा नाही.

तोच मार्ग असा तोडता येतो. म्युनिक ते इन्सब्रुक साधारण १६५ किमी, तिथे दोन रात्री. आल्प्सच्या प्राण्यांचं उद्यान मुलांना अर्धा दिवस पुरतं. मग ब्रेनर खिंडीतून बोल्झानो, १२० किमी, पुन्हा दोन रात्री. तिथून गार्डाच्या उत्तर टोकाचं रिवा जेमतेम १०० किमी. एकही दिवस जड नाही.

निघायची वेळ मुलाच्या दुपारच्या झोपेच्या अर्धा तास आधीची ठेवा. पोट भरलेलं, शू झालेली, डायपर बदललेला. तो दीड तास तुमचा. पहाटे चारला उठवून निघणं आपल्याकडे कोकणात जाताना जमतं, इथे त्या मुलाची दिवसभर किरकिर होते.

जुलै-ऑगस्टमधले शनिवार टाळा, त्या दिवशी सगळ्यांच्याच सुट्ट्या बदलतात. जर्मनीत रविवारी रात्री दहापर्यंत मोठ्या ट्रकना बंदी असते, म्हणून रस्ता मोकळा मिळतो.

आणि ठाण्याहून आलेल्या आजी-आजोबांना उतरल्या दिवशी गाडीत बसवू नका. विमानतळावर आता बोटांचे ठसे आणि फोटो घेतात, रांगा लांबतात. दोन दिवस घरी विश्रांती घेऊ द्या.

हॉटेल आता बुक करा. स्वयंपाकघर असलेलं घर घ्या, लिफ्ट विचारा, बाळासह माणसांचा आकडा खरा लिहा, आणि उशीर झाला तर किल्ली कशी मिळेल ते आधी ठरवा.

## ६. टोल आणि शहरातले बंद रस्ते

जर्मनीत कारला टोल नाही. ऑस्ट्रियाच्या महामार्गांना विग्नेट, म्हणजे ठरावीक मुदतीचा टोल-पास, लागतं, एका किंवा दहा दिवसांचंही मिळतं, पण ब्रेनरच्या रस्त्याचा टोल त्याव्यतिरिक्त द्यावा लागतो. स्वित्झर्लंडचं विग्नेट वर्षाचंच असतं, ४० फ्रँक. इटलीत नाक्यावर तिकीट घ्यायचं आणि बाहेर पडताना पैसे भरायचे. पिवळ्या टेलिपास रांगेत शिरू नका, ती आपल्या फास्टॅगसारखं यंत्र लावलेल्या गाड्यांची असते.

सावधान: डिजिटल विग्नेट नंबरप्लेटवर निघतं. भाड्याच्या गाडीचा नंबर हातात येण्याआधी घेतलं तर पैसे वाया. ते अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्या किंवा सीमेआधीच्या पंपावर. तिथे स्टिकरही मिळत असेल, तर तो काचेला चिकटवल्याशिवाय ग्राह्य नाही.

इटलीतल्या जुन्या शहरांच्या मध्यभागी झेड टी एल नावाचे मनाई भाग असतात. फलक असतो, फाटक नसतं, कॅमेरा असतो. फ्लोरेन्स आणि पिसात आपली माणसं हमखास अडकतात, कारण नकाशातला आवाज सरळ जा म्हणतो. दंडाचं पत्र कित्येक महिन्यांनी येतं, वर गाडी कंपनीचा वेगळा आकार. मुक्काम आत असेल तर मालकाला विचारून गाडीच्या नंबरची परवानगी आधी घ्या, नाहीतर गाडी बाहेरच्या पार्किंगमध्ये ठेवा. काही जर्मन शहरांत हिरवा पर्यावरण स्टिकर लागतो. तो भाड्याच्या गाडीवर बहुधा असतो, तरी बघून घ्या.

## ७. खाऊ, औषधं, विमा

आजी ठाण्याहून काय आणणार, ते आधी बोलून घ्या. युरोपीय संघात बाहेरून दुधाचे पदार्थ आणि मांस सामानातून नेता येत नाही. म्हणजे तूप, पेढे, पनीर नाही. हापूसही नाही, कढीपत्ताही नाही. केळी आणि नारळ चालतात. बाळाची न फोडलेली दूध पावडर दोन किलोपर्यंत चालते. मेतकूट, भाजणी, गोडा मसाला, पोहे, नाचणीचं पीठ बिनधास्त आणा. तूप तिकडे दुकानात मिळतं, लोणी कढवून घरीही होतं.

गाडीत खाऊ कोरडा आणि मऊ ठेवा: घावन, थालीपीठाचे तुकडे, केळं. अख्खी द्राक्षं, शेंगदाणे, चणे चालत्या गाडीत देऊ नका. मागे घास अडकला तर चालकाला कळतही नाही. जर्मनी-ऑस्ट्रियात रविवारी दुकानं बंद असतात, शनिवारी दूध-डायपर भरून ठेवा.

जर्मनीच्या सरकारी विमा कार्डाच्या मागे युरोपीय आरोग्य कार्ड असतं. ते युरोपीय संघात चालतं, पण भारतीय नागरिकांना डेन्मार्क, स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड आणि लिश्टेनश्टाइनमध्ये चालत नाही. तिकडे जाणार असाल तर वेगळा प्रवास विमा काढाच.

तापाचं औषध मुलाच्या वजनाप्रमाणे डॉक्टरांकडून लिहून घ्या. ओआरएसची पाकिटं, गोचीड काढायचा चिमटा. दक्षिण जर्मनी आणि ऑस्ट्रियात गोचिडीपासून मेंदूज्वर होतो, त्याची लस मुलांच्या डॉक्टरांना आधी विचारा. आणीबाणीचा क्रमांक सगळीकडे ११२.

## ८. रस्त्यावरचा दिवस

उजव्या बाजूने चालवताना चूक सरळ रस्त्यावर होत नाही. ती पंपावरून किंवा पार्किंगमधून रिकाम्या रस्त्यावर येताना होते, हात आपोआप डावीकडे वळतो. शेजारी बसणाऱ्याचं काम ठरवून द्या: प्रत्येक थांब्यानंतर मोठ्याने "उजवीकडे" म्हणायचं. आमच्या गाडीत मोठी लेक म्हणायची, आणि तिला त्याचा अभिमान होता.

खुणा नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यावं लागतं, तो छोट्या गल्लीतून आला तरीही. ऑटोबानवर ओव्हरटेक झालं की लगेच उजव्या पट्ट्यात परत. जर्मनी-ऑस्ट्रियात वाहतूक तुंबू लागताच सगळ्यात डावा पट्टा डावीकडे सरकतो, बाकीचे उजवीकडे, मध्ये रुग्णवाहिकेला वाट. ॲम्ब्युलन्स दिसण्याची वाट पाहायची नाही, वेग मंदावला की लगेच सरका.

मूल कितीही रडलं तरी चालत्या गाडीत सीटमधून काढू नका, अंगावर पाजायलाही नाही. पुढच्या थांब्याला वळा. ब्रेनर सुमारे १३७० मीटर उंचीवर आहे, चढताना कान दडपतात, मोठ्या मुलाला घोट-घोट पाणी द्या. वळणांवर मळमळणाऱ्या मुलाला मोबाइल देऊ नका, लांबचे डोंगर दाखवा.

पंपावर आधी झाकणाच्या आतलं चिन्ह बघा: वर्तुळ म्हणजे पेट्रोल, चौकोन म्हणजे डिझेल. इटलीतला गासोलिओ हा शब्द पेट्रोलसारखा वाटतो, पण ते डिझेल आहे. महामार्गावरच्या स्वच्छतागृहांसाठी सुटी नाणी गाडीत ठेवा, जर्मनीत बऱ्याच ठिकाणी माणशी एक युरो पडतो, लहान मुलांना सहसा फुकट.

## ९. गाडी परत करताना

टाकी भरा, पावती ठेवा. सीटच्या फटींतून खाऊचे तुकडे आणि मुलांची खेळणी काढा, धाकट्याचा आवडता हत्ती आम्हाला असाच आयसोफिक्सच्या हुकाजवळ सापडला. कर्मचाऱ्यासमोर पुन्हा व्हिडिओ काढा आणि गाडी ठीक मिळाल्याची सही घ्या. करार, टोलच्या पावत्या आणि दोन्ही व्हिडिओ वर्षभर पुसू नका. इटलीतलं दंडाचं पत्र तेवढ्या उशिरानेही येऊ शकतं, आणि त्या दिवशी गाडी नेमकी कुठे होती हे तेव्हा कुणाला आठवत नाही.